नख न अडकणारा सांधा

४ मार्च, सोमवार

ही डायरी हार्डवेअरच्या दुकानातून दाजींना फुकट मिळाली. दाजींनी ताईला दिली, ताईने मला. "माणसांच्या अंगावर जाण्यापेक्षा हिच्या अंगावर जा," म्हणाली. सख्खी बहीण असून असं बोलते. प्रत्येक पानाच्या तळाला एक सुविचार छापलाय. आजचा : राग म्हणजे घटकेचा वेडेपणा. कुणी विचारलं होतं? खोडून टाकला.

तर कॉलेज सोडल्यापासून मी ताईकडे राहतो आणि तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या हाताखाली लोकांची स्वयंपाकघरं बसवतो. कपाटं, ड्रॉवर, ओटे. कॉलेज का सोडलं ते सांगून सांगून जीभ झिजली, इथे एकदाच लिहितो. प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्या डोक्यात मेंदू आहे की भुसा?" मी ऍप्रन टेबलावर टाकला आणि निघालो. जिना उतरताना वाटत होतं, आता कुणीतरी हाक मारेल. कुणी मारली नाही. फक्त घुमी धावत गेटपर्यंत आली. मी थांबलो. म्हटलं, आता म्हणेल जाऊ नकोस. ती म्हणाली, "बॅग राहिली." बॅग हातात दिली आणि धापा टाकत उभी राहिली. याला प्रेम म्हणायचं की कुरिअर?

घुमी हे नाव मी ठेवलेलं. माझ्या पन्नास वाक्यांना तिचं एक, तेही दोन शब्दांचं. पण ते दोन शब्द ऐकायला मी रस्त्यावर तासभर उभा राहू शकतो. राहिलोय.

आता बातमी. दाजींना आज नव्या कामाचा फोन आला. अख्खं स्वयंपाकघर करायचंय. दाजींनी पत्ता मोठ्याने वाचला आणि माझ्या हातातला ड्रिल पडता पडता राहिला. घुमीचं घर! दाजी म्हणाले, "ओळखीतून आलंय. कुणीतरी आपलं नाव सुचवलंय." मी म्हटलं, नशीब! नशीब असावं तर असं!

तिला फोन केला. ओरडूनच सांगितलं. ती म्हणाली, "हो का." मग थोडं थांबून, "नीट कर."

बस्. नीट कर. जसा काही मी आजवर वाकडंच करत आलोय.

७ मार्च, गुरुवार

आज वर्कशॉपमध्ये शिकवणी. घुमीकडची खिडकीखालची भिंत लांब आहे, ओटा एका फळीत होत नाही. दोन फळ्या टोकाला टोक लावून जोडायच्या. ओट्याची फळी म्हणजे दाबून घट्ट केलेला भुसा आणि वर दगडासारखं दिसणारं लॅमिनेट. (दाजी म्हणाले, "मेव्हणे, तुमच्या सरांचं म्हणणं एवढं मनाला लावून घेऊ नका. दाबून बसवला तर भुसाही कामाचा असतो." फार विनोदी माणूस.)

भुशाचं एकच दुखणं, पाणी. सांध्यातून थेंब आत गेला की भुसा फुगतो आणि एकदा फुगला की ब्रह्मदेवाच्या बापाला बसवता येत नाही. म्हणून सांधा घट्ट हवा. आणि घट्ट व्हायला दोन्ही तोंडं एकमेकांशी जुळायला हवीत.

दाजींची पद्धत अशी. दोन्ही फळ्या टेबलावर तोंडासमोर तोंड आणून शिकंज्यांनी पक्क्या करायच्या. मध्ये फट ठेवायची, राउटरच्या, म्हणजे लाकूड कापायच्या हातमशीनच्या, पात्याहून जराशी अरुंद. मग पातं त्या फटीतून एकदाच चालवायचं. ते जाता जाता दोघींनाही थोडं थोडं खातं. हात किंचित हलला तरी बिघडत नाही, कारण एकीला जिथे खळगा पडतो तिथे दुसरीला उंचवटा राहतो, आणि दोघी एकमेकींत बसतात.

मी विचारलं, "पण एक फळी आधीच सरळ असेल तर? कारखान्यातून सरळच येते की."

"तरी दोघी कापायच्या."

"सरळ आहे तर कापायची कशाला?"

"मेव्हणे, 'मी सरळच आहे' असं म्हणणाऱ्या फळीवर तर पातं आधी फिरवायचं."

दारात डबा घेऊन ताई उभी होती. "ऐकलंस का रे?" म्हणाली. यात मला ऐकवण्यासारखं काय होतं कळलं नाही.

कापून झालं की तोंडांना सिलिकॉन चोपडायचं, जेवणावर तूप वाढतात तसं हात आखडून नाही, सढळ. खालून बोल्ट लावायचे आणि पाना आळीपाळीने थोडा थोडा फिरवायचा. मी पहिल्यांदा जोर लावून एकच बोल्ट पिळला तर दाजींनी माझं मनगट धरलं. "बोल्ट सांधा धरून ठेवायला असतो, जुळवायला नाही. आधी जुळलं पाहिजे." शेवटी परीक्षा : डोळे मिटायचे आणि सांध्यावरून नख ओढायचं. अडकलं तर नापास.

माझे पहिले तीन नापास. चौथ्याला दाजींनी नख ओढलं, पुन्हा ओढलं, आणि आपलं ते नेहमीचं भयानक गाणं गुणगुणायला लागले. म्हणजे पास!

तुकड्याचा फोटो घुमीला पाठवला. नखाची परीक्षाही समजावून सांगितली, पानभर. उत्तर आलं, "सुरेख. आईला दाखवू?"

मी लिहिलं, मी काय फेरीवाला आहे, नमुने दाखवत फिरायला? तिने काहीच लिहिलं नाही. चांगला मूड घालवला.

१० मार्च, रविवार

तिच्या घरी पहिला दिवस. जुना ओटा काढला, मापं घेतली. घर छोटं, नीटनेटकं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचा जिना दिसतो. घुमी या खिडकीत उभी राहून माझ्याशी फोनवर बोलते म्हणजे न बोलता ऐकते, हे मला जिन्यावरून येणाऱ्या लहान मुलाच्या आवाजावरून कळलं. फोनवर मागे नेहमी तोच आवाज असतो.

तिचे बाबा कमरेवर हात ठेवून उभे. दाजींना चार प्रश्न विचारून माझ्याकडे वळले. "तू किती शिकलास?"

"सोडलं."

"का?"

मी उत्तर देणार होतो, आणि चांगलंच दिलं असतं. तेवढ्यात दारातून घुमी म्हणाली, "राहिलेलं पूर्ण करता येतं, बाबा. जूनमध्ये पुन्हा प्रवेश देतात." माझ्याकडे न बघता म्हणाली. बाबा म्हणाले, "तुला काय माहीत?" ती म्हणाली, "विचारलं होतं ऑफिसात."

माझी कानशिलं तापली. म्हणजे हिला मी असा आहे तसा चालतच नाही. ऑफिसात जाऊन चौकशा! वर बापासमोर माझी लाज काढायची! एरवी तोंडातून शब्द फुटत नाही आणि आज एकदम दोन-दोन वाक्यं.

रात्री तिने मेसेज केला, "बाबांना तुझं माप घेणं आवडलं." मी उत्तर दिलं नाही. माप घेणं आवडलं म्हणे. शिंप्याचं कौतुक केल्यासारखं.

१२ मार्च, मंगळवार

खालची कपाटं बसली. भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, मागे पाचरी घालून घालून कंबर गेली.

पण लिहायचंय ते चहाचं. चार वाजता तिची आई आतून म्हणाली, "अगं, त्या दादांना चहा दे." दादा! मी! आणि घुमीने आईला काही म्हटलं नाही. म्हणायचं होतं ना, आई, त्यांना दादा नको म्हणूस. काहीही कारण काढायचं. ती ट्रे घेऊन आली, दाजींना म्हणाली, "दाजी, चहा." मला नुसतं, "चहा." ना दादा, ना नाव, ना काही. मी म्हणजे भिंतीची खुंटी.

त्यावर कडी म्हणजे कप. दाजींना पाहुण्यांचा, सोनेरी काठाचा कप. मला एक जुना जाडा निळा कप, कडेला टवका उडालेला. माझा चहा तेवढा अर्ध्या बोटाने जास्त होता, बहुधा उरलेला सगळा ओतला असावा. मी ठरवलं, प्यायचा नाही. कपाट ठोकत राहिलो. चहावर साय धरली. दाजींनी डोळ्यांनी विचारलं, मी मान हलवली. थोड्या वेळाने ती आली. कपात पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. उचलून घेऊन गेली. मोरीत ओतल्याचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगतो.

टवक्याचा कप आम्हाला. हिची ही किंमत.

१४ मार्च, गुरुवार

 जे झालं ते झालं तसं लिहितो.

दाजी प्रत्येकाला "होऊन जाईल" म्हणतात, म्हणून एकाच दिवशी दोन ठिकाणी काम निघतं. आज सकाळी मला तिच्या घरी सोडलं आणि दुसरीकडे निघाले. जाताना म्हणाले, "मेव्हणे, आज फक्त सांधा. दिवसभर तेवढंच. दोन्ही फळ्या एकत्र कापा. नाहीच जमलं तर तसंच राहू द्या, उद्या मी आहे." माझ्यावर एकट्यावर! मनात म्हटलं, आज असा सांधा करतो की हिच्या बापाने भिंग लावून शोधावा.

बाहेरच्या गॅलरीत स्टुलं टाकून फळ्या मांडल्या. शिकंजे लावले. फट मोजली. सगळं शिकवल्यासारखं. मग तिची आत्या आली.

आत्या म्हणजे बाई नव्हे, चौकशी कार्यालय. ओटा किती लांब, रंग कुणी निवडला, खिडकीचा पडदा का काढला. मग गॅलरीत डोकावून घुमीला, हळू बोलल्याचा आव आणून, "हा कोण गं? कामावरचा का?"

मी राउटर हातात घेऊन पाठमोरा उभा होतो. श्वास रोखला. आता बोल, म्हटलं. काहीही बोल. कॉलेजात होता म्हण.

घुमी म्हणाली, "हो."

एक शब्द. हो.

त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही. दोन्ही फळ्या जुळवून कापण्यात अर्धा दिवस जाणार होता, आणि मला त्या घरात अर्धा तासही थांबायचं नव्हतं. शिकंजे सोडले. डावीचं टोक मापासाठी आधी करवतीने कापलेलं, ते तेवढं पात्याने सरळ केलं. उजवी कारखान्यातून आलेली, सरळच होती. आत नेऊन कपाटांवर टाकल्या, टोकाला टोक लावलं. मध्यभागी उजेड दिसत होता. अगदी केसाएवढा. सिलिकॉनची ट्यूब गॅलरीत राहिली होती, पुन्हा आत्यासमोरून जायचं नव्हतं. बोल्ट लावले आणि पिळले. दात आवळून पिळले. फळी करकरली आणि उजेड गेला. वरून फट बुजवायची दगडी रंगाची भरणी बोटाने चोळली, पुसली. दिसायला एकसंध.

मग मी हात पुसत हॉलमध्ये गेलो. आई, आत्या आणि घुमी चहा घेत होत्या. मी म्हटलं, "कामावरचा माणूस निघाला. ओटा बघून घ्या." इथे थांबायला हवं होतं. नाही थांबलो. म्हटलं, "आणि आत्याबाई, तुमच्या भाचीला विचारा, कॉलेजमागच्या बागेत हातात हात घालून बसायला कामावरचा माणूस कसा काय चालतो? वर्षभर चाललाय."

आत्याचं बिस्कीट चहात बुडलेलं होतं. ते तुटून आत पडलं. तेवढाच आवाज.

घुमी उठली. मला वाटलं, कानाखाली मारेल. मारली असती तर फार बरं झालं असतं. ती माझ्या बाजूने स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी उभी राहिली, डोळे मिटले आणि सांध्यावरून नख ओढलं. मी शिकवलं होतं अगदी तसं.

"अडकतंय," म्हणाली. आणि आतल्या खोलीत गेली.

ही काय टोमणे मारायची वेळ आहे? मी एवढं बोललो आणि ही ओट्याचं बोलते!

१५ मार्च, शुक्रवार

फोन बंद. सकाळपासून सत्तावीस वेळा तरी लावला असेल. बंद.

दाजी एकटेच गेले, राहिलेले ड्रॉवर लावायला. तिच्या बाबांनी त्यांना दारातच सांगितलं, "तुम्ही या. तो नको." संध्याकाळी दाजींनी मला विचारलं, "दोन्ही फळ्या एकत्र कापल्यास ना?"

मी म्हटलं, "हो."

एकच शब्द. बाहेर पडायला काही जड नव्हता.

दाजी म्हणाले, "मला नख जरा अडकल्यासारखं वाटलं. पण त्या घरात आज बोल्ट सोडायची माझी छाती झाली नाही." मग हात धुवायला गेले. आज दिवसभरात एकदाही मेव्हणे म्हणाले नाहीत.

१७ मार्च, रविवार

ताईने आज तासलं. इतके दिवस बोलली नव्हती, आज ताटावर बसल्यावर सुरुवात केली.

"कुणी दिला त्यांना ह्यांचा नंबर? सांग, कुणी दिला?"

"नशिबाने..."

"तुझं डोंबलाचं नशीब! त्या पोरीने माझ्याकडून घेतला. जानेवारीत फोन केला होता मला. म्हणाली, ताई, आमच्याकडे ओटा करायचाय, त्याला पाठवाल ना दाजींबरोबर? म्हटलं, आधी सांगून का टाकत नाहीस घरी? तर म्हणाली, आधी बाबांना त्याचं काम बघू दे. काम आवडलं की मग माणूस सांगते."

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"तुला? तू गावभर दवंडी पिटली असतीस. आणि आता तरी काय केलंस? तीच पिटलीस, फक्त तिच्या घरात उभं राहून."

मी ताट बाजूला सारलं. दाजी म्हणाले, "जेवू दे गं त्याला." ताई म्हणाली, "तुम्ही गप्प बसा, तुम्हीच एकट्याला सोडून गेलात." दाजी म्हणाले, "ते खरंय."

आत्यासमोर 'हो' म्हणाली ते का, हे आता मला कळतंय. दुसरं काय म्हणणार होती? आत्याला सांगायचं म्हणजे सगळ्या नात्यागोत्याला सांगायचं, तेही सांधा व्हायच्या आधी.

आणखी काही लिहवत नाही. आजचा सुविचार वाचलाच नाही.

२५ मार्च, सोमवार

तिच्या गल्लीत गेलो होतो. समोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "काय काढायचंय?" माझ्याजवळ कागदच नव्हता. खिशातलं लायसन्स दिलं, दोन प्रती काढल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीला नवा पडदा लागलाय. शेजारच्या जिन्यावर तो लहान मुलगा ओरडत होता. एवढ्या जवळून तो आवाज ऐकणं म्हणजे तिचा फोन उचलल्यासारखं होतं, फक्त पलीकडे ती नाही.

दोन प्रतींचं काय करू? ताई म्हणाली, जूनसाठी ठेव, प्रवेशाला लागतात.  ठेवल्यात.

६ एप्रिल, शनिवार

फुगला.

तिच्या आईचा दाजींना फोन. सांध्यापाशी उंचवटा आलाय, पोळपाट ठेवला की डुगडुगतो. दाजी जाऊन पाहून आले. आल्यावर वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मी उलटा ओरडलो असतो, मला माझी खोड माहीत आहे.

"बोल्ट सैल केले तर मधोमध उजेड. उजवीला पातं लागलेलंच नाही."

"नाही."

"आत सिलिकॉन नाही."

"नाही."

"आणि मला म्हणालास, दोन्ही कापल्या."

मी मान खाली घातली. ते म्हणाले, "पिळून पिळून बंद केलंस. बंद झालं म्हणजे जुळलं असं वाटलं तुला." मग उठले, पातं तपासू लागले. "चूक माझीपण आहे. सांधा मोरीच्या एवढा जवळ घ्यायला नको होता. आणि तुला सोडून जायला नको होतं. दोन्ही फळ्या नव्या करायच्या. तू करायच्या."

"ते मला येऊ देणार नाहीत."

"तू इथे कर. बसवीन मी."

मी विचारलं, "ती दिसली का?" दाजी म्हणाले, "ती आत्याकडे असते आता. दुसऱ्या गावी. परीक्षेपुरती येणार आहे म्हणे, बाबांबरोबर."

९ एप्रिल, मंगळवार

आज दिवसभर दोन फळ्या.

सकाळ नुसती मांडण्यात गेली. नवी उजवी फळीही कारखान्यातूनच आलेली, टोकाला पोलादी पट्टी लावून पाहिली. मध्ये खळगा होता. सरळ नव्हतीच. बोटाला कळत नव्हतं, पट्टीला कळलं. त्या दिवशी मी पट्टी लावलीच नव्हती.

शिकंजे आवळले. फट ठेवली. राउटर सुरू केला आणि एका श्वासात नाही, हळूहळू, पात्याचा आवाज ऐकत पुढे गेलो. दोन्ही बाजूंनी भुसा उडत होता. मध्येच हात एका ठिकाणी किंचित हलला. पूर्वी मी शिवी हासडली असती. आज दम धरला. टोकाला पोचलो, मशीन बंद केलं, फळ्या जवळ आणल्या. जिथे हात हलला होता तिथे एकीत बारीक लाट, दुसरीत तीच लाट उलटी. बोल्ट न लावता, नुसत्या तळव्याने सरकवल्या, आणि त्या बसल्या. उजेड नाही.

डोळे मिटून नख ओढलं. मग मी तिथेच खाली बसलो.

घुमी मला कधी म्हणाली नाही की तूही थोडा बदल. ती फक्त स्वतःच कमी बोलत गेली, कमी मागत गेली, मी ओरडलो की गप्प होत गेली. मला वाटायचं, स्वभाव आहे. तो स्वभावच आहे म्हणा. पण किती स्वभाव आणि किती माझ्यामुळे, ते आता कोण सांगणार?

दाजी आले, त्यांनी नख ओढलं. गाणं गुणगुणले नाहीत. फळ्यांच्या मागे खडूने १ आणि २ लिहिलं, तोंडांना जुनं गोधडीचं कापड गुंडाळलं, टेम्पोत ठेवलं. म्हणाले, "चला, मेव्हणे, हात द्या."

मेव्हणे म्हणाले.

११ एप्रिल, गुरुवार

दाजी सकाळी गेले ते दुपारी उशिरा आले. मी वर्कशॉप दोनदा झाडून काढलं होतं. ते पाणी प्यायले, तोंड पुसलं, मला विचारायला लावलं.

"बसला?"

"बसला."

"नख?"

"नाही अडकलं. मी ओढलं, मग त्या बाईंनी ओढलं. डोळे मिटून, चांगलं दोनदा. मी म्हटलं, वहिनी, ही आमची परीक्षा तुम्हाला कुणी शिकवली? म्हणाल्या, लेकीने फोनवर सांगितलंय, नख फिरवून बघ, मगच त्यांना जाऊ दे."

"आणखी काही म्हणाली? म्हणजे तिने... माझं काही?"

दाजींनी डोकं हलवलं. "नाही रे."

मी पान्यांचा डबा आवरायला घेतला. दाजी उगीच माझ्या आजूबाजूला घुटमळत होते. जड झालेली हवा हलकी करायची त्यांची सवय आहे, काहीतरी गमतीचं सांगायचं म्हणून सांगितल्यासारखं म्हणाले, "चहा केला होता त्यांनी. पाहुण्यांचे कप कुठेतरी वर ठेवलेले. फडताळात एक निळा कप दिसला, मी म्हटलं, वहिनी, यातच द्या, चालेल. तर बाईंनी हात आडवा घातला. म्हणाल्या, तो नको हो, तो आमच्या लेकीचा. शाळेपासूनचा आहे, टवका उडालाय तरी टाकू देत नाही, कुणाला हात लावू देत नाही. एकदा तिच्या बाबांनी चुकून घेतला तर दोन दिवस अबोला. आता ती इथे नाही तरी तो तसाच ठेवलाय."

दाजी हसले. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं. त्यांनाही आठवलं असावं. त्या दिवशी ते समोरच बसले होते, सोनेरी काठाचा कप घेऊन.

ते बाहेर गेले. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

अर्ध्या बोटाने जास्त होता. मी तो प्यायलो नाही.